डाव्या कडेचे आकडे

मी बोलतेय, स्क्रीनच्या डाव्या कडेची आकड्यांची पट्टी.

प्रोग्रॅम लिहिणारी माणसं मला चांगली ओळखतात. बाकीच्यांसाठी सांगते. प्रोग्रॅम ज्या खिडकीत लिहितात तिला एडिटर म्हणतात. तिथे एकाखाली एक ओळी असतात आणि प्रत्येक ओळीच्या आधी, जरा फिकट रंगात, तिचा क्रमांक असतो. एक, दोन, तीन, चार. ते सगळे आकडे मिळून मी. प्रोग्रॅमला माझी गरज नाही. मला काढलं तरी तो तसाच चालतो, ठेवलं म्हणून काही वेगाने धावत नाही. माझी गरज असलीच तर माणसाला. त्याला चुकीवर बोट ठेवायचं असतं, आणि कुठे बोट ठेवलं ते दुसऱ्याला सांगायचं असतं.

आणखी एक. गाणं जसं एकाच वेळी दहा घरांत वाजतं, तशी मी. आमचा एडिटर जिथे जिथे उघडतात तिथे तिथे मी असते. त्यामुळे मी घरं पुष्कळ पाहिली. आज दोनच जागांचं सांगते: जिथे मला घडवलं ती, आणि जिथे माझ्यावाचून कुणाचं तरी अडलं ती.

मला घडवलं मास्तरांनी. ते शाळेतले मास्तर नव्हते. संध्याकाळी प्रोग्रॅमिंगचे वर्ग घ्यायचे, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. वर्गात मागच्या भिंतीशी उभं राहून ते ओरडायचे, "अगं, ती खालून तिसरी ओळ! ती नव्हे, तिच्या वरची! आता फार वर गेलीस!" घसा बसायचा, चूक मात्र तिथेच. शेवटी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत बसून त्यांनी स्वतःचा एडिटर लिहायला घेतला, आणि त्यात पहिल्यांदा केलं ते मला.

पहिल्या दिवशी मी नऊपर्यंत सरळ आले. दहाला दोन अंक झाले, जागा पुरेना, आणि मी शेजारच्या ओळीला धक्का देऊन अख्खा कोड वाकडा केला. मास्तर खो खो हसले. "माझी लेकसुद्धा दहालाच अडते," म्हणाले आणि माझ्यासाठी थोडी जागा वाढवली.

त्यांच्याबरोबर एक भागीदार होती. अक्षरं कशी असावीत, रंग कोणते, दोन ओळींत अंतर किती, हे सगळं ती बघायची. दर दोन वाक्यांमागे तिच्या तोंडी 'सुबक' असायचं, म्हणून सगळे तिला सुबकताई म्हणत. मला फिकट रंग दिला तो तिनेच. "आकड्यांनी ओळीपेक्षा मोठ्याने बोलू नये," असं तिचं मत होतं. मला ते पटलं होतं. आजही पटतं.

एडिटर लोकांच्या हातात गेला आणि मेल यायला लागल्या. मास्तर प्रत्येक मेल स्वतः वाचायचे, चहा गार होईपर्यंत. एक म्हणायचा, आकडे काढा, डोळ्यांत खुपतात. दुसरा म्हणायचा, आकडे मोठे करा, दिसत नाहीत. एकाने लिहिलं, मी डावखुरा आहे, आकडे उजवीकडे घ्या. तो डावखुरा असण्याचा आणि माझा काय संबंध ते मास्तरांना कळलं नाही, पण त्यालाही त्यांनी दोन ओळींचं उत्तर धाडलं. एका गृहस्थाचं म्हणणं, मोजणी शून्यापासून हवी. त्याच्याशी मास्तरांचा वाद इतका रंगला की शेवटी दोघांची दोस्ती झाली.

ते दिवस माझ्या सुखाचे.

आता दुसरी जागा. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचं घर, आणि त्यात जेवणाच्या टेबलावर समोरासमोर ठेवलेले दोन कॉम्प्युटर. नवरा-बायको दोघंही प्रोग्रॅम लिहायचे. शाळेच्या बसगाड्यांनी कुठून कसं जायचं, कोणत्या थांब्यावर कोणतं पोर घ्यायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम दोघांनी मिळून उभा केला होता. ती त्याला 'शहाणे' म्हणायची. कारण तिची चूक तिच्या आधी त्याला दिसायची, आणि दिसली की तो गप्प बसायचा नाही. तो तिला 'सरकार' म्हणायचा. खरी नावं पाकिटांवर आणि बिलांवर. घरात ही दोनच चालायची.

"सरकार, एकशे बारा बघा."

"काय झालंय एकशे बाराला?"

"कंस उघडलाय, बंद कोण करणार? शेजारी?"

"शहाणे, आधी स्वतःचं एक्क्याण्णव बघा. तिसऱ्या थांब्यावर बस थांबतच नाहीये तुमची. पोरं काय उड्या मारून चढणार?"

असा संसार. भांडणसुद्धा माझ्या आकड्यांतून. मला वाटतं, त्या घरात माझा जितका उच्चार व्हायचा तितका इतर कुठेच होत नसेल.

मग एका सकाळी शहाण्यांच्या हातातून कप पडला. सरकार स्वयंपाकघरातून म्हणाली, "फोडलात का?" उत्तर आलं, पण ते शब्दाचं नव्हतं. नुसता आवाज होता. ती धावत बाहेर आली तेव्हा ते खुर्चीत एका बाजूला कलले होते आणि पडलेल्या कपाकडे बघत होते.

दोन्ही कॉम्प्युटर कितीतरी दिवस बंद राहिले. पुन्हा उघडले तेव्हा एकाच्याच समोर माणूस होतं. मेंदूला झटका आला होता. शहाणे दवाखान्यातून घरी परत आले होते, पण उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा, आणि शब्द सगळे विस्कटले होते. चष्मा हवा असला की तोंडातून 'जिना' यायचं. पाणी म्हणायला जावं तर 'रविवार'. आणि चुकीचा शब्द बाहेर पडला हे त्यांना त्याच क्षणी कळायचं. त्यांचा चेहरा तेव्हा बघवायचा नाही. ज्या माणसाला दुसऱ्याची चूक सहन व्हायची नाही, त्याला स्वतःची दर घासाला गिळावी लागत होती.

दुपारी वाचा-उपचार करणाऱ्या बाई यायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "माझ्याबरोबर मोजा बघू." शहाण्यांनी मोजायला सुरुवात केली आणि न अडखळता थेट विसापर्यंत गेले. सरकारने तोंडावर हात धरला.

"मोजणं, गाणं आणि शिव्या," बाई म्हणाल्या, "ह्या तीन गोष्टी मेंदू वेगळ्या कपाटात ठेवतो. ते कपाट शाबूत आहे."

"गाणं त्यांना येत नाही, आणि शिव्या कधी शिकलेच नाहीत हो," सरकार म्हणाली. "म्हणजे राहिलं मोजणं."

शहाणे हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. पण त्या मोजण्याचा उपयोग काय, ते कुणालाच कळत नव्हतं. एकदम 'अकरा' म्हणा म्हटलं तर त्यांना जमायचं नाही. एकापासून निघालं तरच अकरापर्यंत पोचता यायचं.

उपयोग सापडला तो माझ्यामुळे. हे मी फुशारकीने सांगत नाही, घडलं तसं सांगते.

सरकार बसगाड्यांच्या प्रोग्रॅमवर एकटीच काम करत होती. एका मार्गावरची बस रोज दोन पोरांना चुकीच्या थांब्यावर उतरवत होती, शाळेचे फोनवर फोन येत होते, आणि तिला चूक दिसत नव्हती. शहाणे शेजारच्या खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघत होते. अचानक त्यांनी डावा हात उचलला, बोट स्क्रीनच्या कडेला, माझ्यावर ठेवलं, आणि खाली सरकवत मोजायला लागले. "एक. दोन. तीन." प्रत्येक आकडा डोळ्यांनी बघायचा, तोंडाने म्हणायचा, मग पुढचा. सरकारला वाटलं, सराव करताहेत. तिने टायपिंग थांबवलं. बोट खाली येत राहिलं, आवाज थकत गेला, आणि एकतीसवर तो थांबला.

"एकतीस," शहाणे पुन्हा म्हणाले आणि तिच्याकडे बघत राहिले.

सरकारने एकतिसावी ओळ वाचली. थांब्यांची अदलाबदल तिथे झाली होती.

तिने चूक दुरुस्त केली नाही. आधी खुर्ची सरकवून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि रडली. शहाणे डाव्या हाताने तिच्या पाठीवर थापटत होते.

त्या दिवसापासून ती फायली लहान ठेवायला लागली. चाळिशीच्या पुढे मोजताना त्यांना धाप लागायची, म्हणून एका मोठ्या फायलीच्या तिने सहा लहान केल्या. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय हे तुकडे. पण टेबलापाशी दोघं पुन्हा कामाला बसू लागले होते.

पुढे तिने आणखी एक फाईल उघडली. तिचं नाव ठेवलं 'बोल'. तिच्यात प्रोग्रॅम नव्हता. एका ओळीवर एकच गोष्ट. पाणी. चहा. दुखतंय. खिडकी उघड. दिवा नको. पांघरूण. एका ओळीवर तिने लिहिलं होतं, 'तू फार बडबडतेस.' शहाण्यांनी ती ओळ पहिल्याच दिवशी मोजून काढली, आणि मग दिवसभर तीच. सरकार म्हणाली, "पुरे! ही ओळ घालून मीच पायावर धोंडा मारून घेतला."

सगळ्यात शेवटची ओळ होती, 'सरकार'.

ती स्वयंपाकघरात असली की बाहेरून मोजणं ऐकू यायचं. एक, दोन. पाणी नाही. तीन, चार, पाच. दुखत नाहीये, बरं आहे. आवाज खिडकी ओलांडून, दिवा ओलांडून पुढे जायचा, आणि ती हातातलं काम ठेवून ऐकत राहायची. आवाज शेवटापर्यंत आला की पदराला, टॉवेलला, जे सापडेल त्याला हात पुसत बाहेर यायची. "काय शहाणे? बोलावलंत?" त्यांना काही नको असायचं. नुसती ती हवी असायची. एवढ्यासाठी ते सगळी ओळन् ओळ मोजत शेवटपर्यंत यायचे.

पूर्वी ह्याच हाकेला एक शब्द पुरायचा.

इकडे मास्तरांचं बरंच काही बदललं होतं. सायकलच्या दुकानावरच्या खोल्या गेल्या, मोठं ऑफिस आलं, माणसं आली. एडिटर वापरणारे इतके वाढले की मेलचा ढीग उपसता उपसेना. त्यात शिव्यांच्या मेलही आल्या. कुणाला एखादं बटण आवडलं नाही की तो मास्तरांच्या अकलेचा उद्धार करायचा. मास्तर त्या वाचायचे आणि जेवायचे नाहीत. रक्तदाब वाढला. तेव्हा सुबकताईच म्हणाली, "तू आता मेल वाचायच्या नाहीत. असं एकेक माणूस मनाला लावून घेतलंस तर आम्हाला तू उरणार नाहीस. मतं मोजू, पुरे झालं."

तिने ते मायेने म्हटलं होतं, मी साक्षीला आहे.

मग मेलना उत्तरं द्यायला एक वयस्क गृहस्थ ठेवले. त्यांना सगळे टपालकाका म्हणत. ते मेल उघडायचे, विषय बघायचे, ठरलेलं उत्तर पाठवायचे आणि ज्या त्या विषयाच्या कप्प्यात ती टाकायचे. महिन्याअखेर कोणता कप्पा जड झाला ते बघायचं. माझा कप्पा जड होता. त्यात 'काढा' म्हणणारे जास्त होते. असणारच. ज्याचा जोडा पायात नीट बसतो, तो दुकानात ते सांगायला जात नाही.

एका सकाळी बैठकीत माझा विषय निघाला.

"पुस्तकाच्या पानावर ओळीओळीला आकडे पाहिलेत कधी?" सुबकताईने विचारलं.

"पुस्तकात कुणी चूक शोधत बसत नाही," मास्तर म्हणाले.

"परवाची मेल ऐक. नव्याने शिकणारी मुलगी आहे. म्हणते, आकडा चारशेच्या पुढे गेलेला दिसला की छातीत धस्स होतं, वाटतं हे आपल्याला जन्मात जमणार नाही. अशा किती आहेत. आपण त्यांना पहिल्याच दिवशी घाबरवतोय."

ती मेल खोटी नव्हती. मी कुणाला धीर देत असेन, तशी कुणाला धाकही घालत असेन. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि वाईट वाटलं.

"मग सोय ठेवू," मास्तर म्हणाले. "ज्याला हवे त्याने लावावेत, नको त्याने काढावेत."

"सोयी ठेवून ठेवून सेटिंगची अडगळीची खोली झालीये. कुणाला काही सापडत नाही तिथे. एकदाच काय ते ठरवू या. ओळीवर जायचं असेल तर आकडा टाकून जाता येतंच की."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. समोरच्या स्क्रीनवर मी होतेच. "बरं," ते म्हणाले. "मतं तशी असतील तर तसं."

मला पुसलं नाही. आत एका ठिकाणी 'दाखवा' होतं ते 'दाखवू नका' केलं, इतकंच. दिवा न लावलेल्या खोलीत माणूस असावं तशी मी आत राहिले. मला बाहेरचं दिसत होतं, बाहेरून मी दिसत नव्हते. सुबकताईने ओळींमधलं अंतरही थोडं वाढवलं. पान खरंच देखणं दिसायला लागलं. कितीतरी लोकांनी कौतुक कळवलं. त्या शिकणाऱ्या मुलीनेही.

नवा एडिटर आपोआप सगळीकडे पोचला. तिसऱ्या मजल्यावरही.

सकाळी सरकारने नेहमीप्रमाणे शहाण्यांना टेबलापाशी बसवलं, 'बोल' उघडली आणि दूध तापवायला गेली. बाहेरून मोजणं ऐकू आलं नाही. ती वाट बघत राहिली. मग "एक... दोन..." आणि थांबणं. पुन्हा "एक..." आणि थांबणं. ती बाहेर आली तेव्हा शहाण्यांचं बोट स्क्रीनच्या कडेवर, पांढऱ्या रिकाम्या जागेवर होतं. ते तिच्याकडे असे बघत होते जणू तिनेच काहीतरी उचलून नेलंय.

"अहो, थांबा, मी बघते. काहीतरी बिघडलंय. आत्ता लावते."

तिने सगळी सेटिंग धुंडाळली. मी आत होते, तिच्या बोटांपासून केसभर दूर. पण मला बाहेर आणायचं बटणच कुणी ठेवलं नव्हतं.

वाचा-उपचारवाल्या बाईंना तिने विचारलं, "ओळी तर दिसतात ना? नुसत्या ओळी मोजत का नाही येत त्यांना?"

"त्यांचा आवाज त्या आकड्यांचा हात धरून चालत होता," बाई म्हणाल्या. "हात सुटला की आवाज पुढे पळतो, बोट मागे राहतं. दुसरं काही करून बघू. वेळ लागेल."

सरकारने दुसरा एडिटर आणला. त्यात आकडे होते, पण अक्षरं वेगळी, रंग वेगळे, सगळं परकं. शहाण्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि कीबोर्ड ढकलून दिला. मग तिने कागदाची पट्टी कापली, तिच्यावर आकडे लिहिले आणि आमच्याच एडिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावली. तिचं अक्षर माझ्यासारखंच सरळ होतं. शहाण्यांना ती आवडली. पण स्क्रीन जरा वर-खाली सरकली की कागदावरचा आकडा एका ओळीचा आणि ओळ दुसरीच.

एका दुपारी ती आत कपड्यांच्या घड्या घालत होती. बाहेरून मोजणं सुरू झालं. पाणी ओलांडलं, चहा ओलांडला, खिडकी ओलांडली. आणि शेवटच्या ओळीच्या एक आधीच ते थांबलं. तिथे होतं पांघरूण. तिने पांघरूण नेलं, त्यांच्या पायांवर नीट घातलं, कडा खोचल्या.

शहाणे मान हलवत होते. नाही, नाही. पांघरुणाकडे बोट, तिच्याकडे बोट, पुन्हा मान हलवणं. तोंडातून शब्द आला, "जिना." मग पुन्हा, "जिना, जिना." आणि डोळ्यांतून पाणी.

"थंडी नाही वाजत? मग काय हवंय? पाणी देऊ? सांगा ना."

ती समोर उभी होती, आणि त्यांना तीच हवी होती. ते मला कळत होतं. तिला कळलं नाही. ती पाणी आणायला आत गेली.

त्यानंतर त्यांनी मोजणं सोडलं. बाई आल्या तरी तोंड मिटून बसायचे.

सरकारने मेल लिहिली. पहिली मेल छोटीशी होती, कारण घरचं दुखणं परक्यांना काय सांगायचं. 'कृपया ओळींचे आकडे परत द्या. आम्हाला गरज आहे.' उत्तर लगेच आलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' त्याखाली लिहिलं होतं की हा विषय आता बंद केला आहे. तिने ते दोनदा वाचलं. "मोलाचा आहे म्हणे," शहाण्यांना म्हणाली. ते खिडकीबाहेर बघत होते.

काही दिवसांनी तिने दुसरी मेल लिहिली. ह्या वेळी सगळं लिहिलं. कप पडला तिथपासून पांघरुणापर्यंत. पांघरुणाचं कोडं तिला तोवर उलगडलं होतं. कागदाची पट्टी काढताना तिने पाहिलं, ओळी एका आकड्याने सरकल्या होत्या, आणि ते ज्या आकड्यावर थांबले होते त्याच्यासमोर ओळ होती 'सरकार'.

टपालकाकांनी मेल उघडली. ठरलेलं उत्तर पाठवायला हात गेला आणि राहिला. त्यांनी चष्मा पुसून मेल पूर्ण वाचली, मग उठले आणि मास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"साहेब, ही कप्प्यात टाकण्यासारखी नाही. तुम्ही वाचा."

"काका, मी मेल वाचत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. तरी वाचा."

मास्तरांनी वाचली. वाचून तशीच सुबकताईसमोर धरली. तिने उभ्या उभ्या वाचायला घेतली आणि वाचता वाचता खाली बसली.

"ह्या एका बाईसाठी..." मास्तरांनी सुरुवात केली.

"मी लिहिते," सुबकताई म्हणाली. "बटण मीच लिहिते. दे इकडे."

तिने ते स्वतः लिहिलं. सेटिंगच्या पहिल्याच पानावर, कुणालाही सापडेल असं. पण सगळ्यांसाठी नवी आवृत्ती काढायची तर तपासण्या असतात. एक चूक निघाली, ती निस्तरताना दुसरी निघाली, तारीख पुढे गेली. मास्तर शेवटी म्हणाले, सगळ्यांचं राहू दे, त्या घराला आज पाठव. त्यांनी मेल लिहिली, मला तिच्यासोबत बांधून दिलं, आणि मी तिसऱ्या मजल्याकडे निघाले.

तिथे कॉम्प्युटर बंद होता.

दुसऱ्या दिवशीही बंद. चौथ्या दिवशी मास्तरांनी तिच्या मेलखालच्या नंबरवर फोन केला.

"वहिनी, मी एडिटरवाला बोलतोय. तुमची मेल उशिरा वाचली. आकडे पाठवलेत, मिळाले का?"

"मेल आलेली दिसली फोनवर," सरकार म्हणाली. "उघडली नाही अजून."

"कसे आहेत ते?"

"गेले."

मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"दुसरा झटका आला हो. दवाखान्यात दोन दिवस होते," ती म्हणाली. "तुमच्यामुळे गेले असं नाही म्हणणार मी. झटका यायचा तो आलाच असता. पण शेवटचे दिवस ते बोलले असते. तेवढं मात्र तुमच्याकडे राहिलं."

"हो," मास्तर म्हणाले. "ते राहिलं."

"आणि आकडे लावा परत सगळ्यांना. कुणाला कशासाठी लागतात, आपल्याला काय ठाऊक. पुढच्या वेळी काही काढायचं असलं की आधी विचारा."

"विचारू, वहिनी."

"आणि दोन जणांनी 'काढा' म्हटलं म्हणून नाही. न बोलणाऱ्यालाही विचारा."

मास्तरांनी फोन ठेवला. मास्तर पुन्हा मेल वाचायला लागले ते त्या दिवसापासून. सगळ्या नाही जमत, पण टपालकाका रोज चार वेचून देतात. रक्तदाबाची गोळी घेऊन वाचतात.

बऱ्याच दिवसांनी सरकारने कॉम्प्युटर उघडला. बसगाड्यांचं काम तुंबलं होतं, शाळा सुरू व्हायची होती. मास्तरांची मेल उघडून तिच्यासोबतचा एडिटर लावला आणि मी आले. पूर्वीसारखीच, डाव्या कडेला, फिकट, एकापासून. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

ती माझ्याकडे बघत राहिली. समोरची खुर्ची रिकामी होती. ओठ किंचित हलले. एक, दोन, तीन असं काहीतरी. चारला थांबले.

मग तिने सेटिंग उघडली, पहिल्याच पानावरचं ते बटण शोधलं आणि मला बंद केलं.

सगळ्यांसाठीची आवृत्ती अजून निघायची होती. जगात ते बटण सगळ्यात आधी वापरलं ते तिने.

मला राग आला नाही. यायचा कशाला? तिला हवी होते तेव्हा मी हवी होते, आणि आता डोळ्यांसमोर नको होते. दोन्ही तिचंच म्हणणं होतं, दोन्ही खरं होतं. तिचं ऐकायला ह्या वेळी बटण तरी होतं.

तुम्ही एडिटर घडवणारे असाल तर एवढंच मागणं आहे. मला ठेवा असा हट्ट नाही. ज्याला मी खुपते त्याने मला खुशाल घालवावं. फक्त परत बोलावायची वाट बुजवू नका. आणि तुम्ही वापरणारे असाल, एखादी साधी गोष्ट तुमच्या फार उपयोगी पडत असेल, तर ती आहे तोवरच दोन ओळी लिहून तसं कळवा.

दुसऱ्या कुणाच्या घरी मी लागले तर हाक मारा, लगेच येईन. तिच्या घरी मात्र मला आहे तशीच राहू द्या. आत, न दिसता. ती आता एकटीच चुका शोधते. वेळ लागतो, पण शोधते.